गुडघ्यांपुरती जागा

माझ्या यजमानांच्या वर्कशॉपातला महादू मिस्त्री खोपोलीहून माझ्या शाळेत कधी येत नसे. त्या दिवशी तो मधल्या सुट्टीत आला, चपला न काढता सरळ ऑफिसात शिरला, माझ्यासमोरची खुर्ची ओढून टेबलाला भिडून बसला, दोन्ही तळवे टेबलाच्या कडेवर ठेवून. "काय रे, भांडलास वाटतं त्यांच्याशी?" मी विचारलं. त्या दोघांचं रोजच वाजायचं. "नाय बाई," तो म्हणाला, "शेठ बसल्या जागी कलंडले... पेन्सिल कानावरच होती. डॉक्टर येईस्तवर सगळं संपलं." मी त्याच्या हातांकडे बघत राहिले. पहिला विचार आला तो हा की, महादू किती जवळ बसलाय, हे यांना सांगायला हवं. असं वेडंविद्रं काहीतरी का मनात यावं, हे सांगायचं तर त्या टेबलाची गोष्ट सांगावी लागेल.

आमचं घर कर्जतला आणि माझे यजमान प्रभाकर यांचं वर्कशॉप खोपोलीला. तिथल्या कारखान्यांच्या साहेबलोकांची टेबलं ते बनवायचे. जगानं नीट बसावं म्हणून धडपडणारा हा माणूस स्वतः मात्र जेवतानाही दोनदा पानावरून उठायचा. पायाला भिंगरी, खिशात टेप. कुणा साहेबानं भलंमोठं चकचकीत टेबल सांगितलं की हे म्हणायचे, "आधी एक दिवस मला तुमच्या केबिनच्या कोपऱ्यात बसू द्या." फोन कोणत्या हातानं उचलतो, चहाचा कप कुठे सांडतो, कुठल्या फायलीसाठी कंबर मोडून वळावं लागतं, ते बघायचं. मग खोक्यांच्या फळ्यांचं कच्चं टेबल ठोकून आठवडाभर वापरायला द्यायचं आणि त्यानंतरच सागवानाला हात लावायचा. साहेब वैतागत, पण नंतर त्या टेबलावरून हलत नसत. माणसाची गैरसोय होते तिथे कुठलंतरी माप चुकलेलं असतं, यावर यांची श्रद्धा होती. त्या श्रद्धेपायी आमच्या स्वयंपाकघरातला ओटा तीनदा फुटला. चौथ्यांदा मी सांगितलं, आता ओटा नाही, तुमचं डोकं फुटेल.

कडावच्या बाजूला एका गावातल्या हायस्कुलात मी मुख्याध्यापिका झाले तेव्हा आधीच्या हेडमास्तरांचं टेबल माझ्या वाट्याला आलं. प्रचंड मोठं, कुलपांचे खण, आणि समोरच्या बाजूला थेट जमिनीपर्यंत फळी. थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं की, जो येतो तो समोरची खुर्ची मागे ओढतो आणि भिंतीला टेकून बसतो. मग पोरीचं दुखणं असो की घरातलं भांडण, सगळं तिकडून मोठ्यानं सांगायचं आणि बाहेर शिपायानंही ऐकायचं. आम्ही दोघंही छप्पन सालानंतर बौद्ध झालेल्या घरांतले. लहानपणी वर्गात माझी जागा दाराशी होती, शाळेत पाणी मला वरून ओतून मिळायचं. ते अंतर ओळखायला मला टेप लागत नव्हती. एका संध्याकाळी मी घरी हे सांगितलं आणि सांगता सांगता रडले. हे येरझाऱ्या घालत ऐकत होते. मग थांबून विचारलं, "खुर्ची मागं ओढतात ती बसायच्या आधी का बसल्यावर?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हा काय प्रश्न आहे का... मी म्हटलं, मला काय ठाऊक. "मंग मी येतो बघायला," हे म्हणाले.

आले, आणि अख्खा दिवस कपाटाआड स्टुलावर बसून राहिले. संध्याकाळी म्हणाले, "अगं, गुडघे आपटतात त्यांचे. आधी बसतात, मग आपटतात, आन् मग मागं सरतात." मी म्हटलं, सगळंच गुडघ्यांवर ढकलू नका. आणि टेबल मी लहान करू देणार नाही. असल्या टेबलांपुढे आमच्या माणसांनी जन्मभर उभं राहून काढलं, आता मागे बसायची पाळी माझी आहे. "तुझ्या बाजूनं मी काय बी कमी नाय करत," ते म्हणाले, आणि तो शब्द त्यांनी पाळला. नवं टेबल तितकंच रुंद, तितकेच खण, तशीच कुलपं. फक्त समोरची फळी मध्यभागी हातभर आत सरकवलेली आणि पलीकडची कड हाताला लागू नये अशी गोल केलेली. खुर्च्या पुढे सरकल्या. एका वाडीवरची बाई दोन्ही कोपरं टेबलावर टेकून हळू आवाजात बोलली, पोरीचं लग्न लावायला निघालेत, बाई, तुमी तिच्या बापाला कायतरी सांगा. भिंतीपाशी बसून ती हे कधीच बोलली नसती. ती मुलगी त्या वर्षी शाळेत राहिली आणि मी घरी कबूल केलं की टेप जिंकली.

फक्त एका माणसापुढे ती जिंकली नाही. शाळा समितीचे अध्यक्ष अप्पा. तसे भले गृहस्थ, शाळेच्या छपरासाठी दारोदार फिरलेले. पण ते खुर्ची मागे ओढत ती बसायच्या आधी. माझ्या ऑफिसातला चहा आला की त्यांचा नेमका उपास असायचा. मी समजून चुकले होते, पण यांना चैन पडेना. खुर्चीचे पाय कापून पाहिले, पाठ बदलून पाहिली, टेबलाची कड आणखी तासली. एकदा तपासणीला आलेले साहेब समोर बसले आणि टेबलाखालून यांचा आवाज आला, "साहेब, पाय जरा वर घ्या." साहेब हसले म्हणून निभावलं. मी कितीदा सांगितलं, अहो, हे गुडघे नव्हेत, सुंभ जळला तरी पीळ जात नाही त्यातला हा प्रकार आहे. "नाय गं, कुठंतरी माझंच माप चुकतंय," हे म्हणायचे. शेवटच्या दिवशी सकाळी घरातून निघतानाही तेच म्हणाले. महादूनं नंतर सांगितलं, कानावर ती पेन्सिल होती ती अप्पांच्या खुर्चीच्या नव्या चित्रासाठी. मला फार राग आला. अप्पांचाही आणि यांचाही. अजून आहे.

आता दीड महिना झाला. घरात मी एका जागी टिकत नाही, खुर्च्या उगाच इकडच्या तिकडे करते. शाळेत परत रुजू झाले त्या दिवशी अप्पा भेटायला आले. खुर्ची मागे ओढली, भिंतीला टेकून बसले. "फार हुशार माणूस होता," म्हणाले, "टेबल बाकी झकास बनवलंय." इतक्या वर्षांत जे मी कधी म्हटलं नव्हतं ते त्या दिवशी म्हटलं. "खुर्ची पुढे घ्या ना अप्पा. जागा आहे."

त्यांनी टेबलाकडे पाहिलं. मग टेबलाखाली पाहिलं. हात खुर्चीच्या दांडीवर गेला आणि तिथेच राहिला. "हितंच बरा हाय मी, बाई," ते म्हणाले. हळू म्हणाले, हेही लिहायला हवं.

ते गेल्यावर मी उठून पहिल्यांदाच त्या खुर्चीत बसले, पुढे सरकले. गुडघे आत गेले, कुठे काही लागलं नाही. माझ्या बाजूच्या कडेला अजून पॉलिश आहे. त्या बाजूचं लोकांच्या तळव्यांनी पार उडालंय. तुमचं माप कधीच चुकलं नव्हतं, हे मी त्यांना सांगायला हवं होतं... मी नुसतं भांडत राहिले, आणि तेही ऐकत कुठे होते म्हणा.

यांची एक सवय होती. माझ्या ऑफिसातून निघताना समोरची खुर्ची आत सारायची, दांड्या टेबलाच्या कडेला टेकेपर्यंत. शिपाई आहे की त्याला, असं म्हणून मी हसायचे. आता शाळा सुटली की कुलूप लावायच्या आधी ते काम मी करते. सकाळी येणाऱ्याला खुर्ची जवळच मिळते. कुणाला ती मागे हवी असेल तर त्यानं आपल्या हातानं ओढावी. मी समोर बसून ते हात बघते.