रंग लावलेलं मेंढरू

जिभेच्या कडेला गाठ निघाली तेव्हा सगळ्यांनी मला पहिला प्रश्न एकच विचारला, बाई, मिसरी लावत होता का? लावत होते. आता पुढचं बोला.

पहिल्या डॉक्टरांनी अर्धी जीभ काढावी लागेल असं मान खाली घालून सांगितलं. मी सोलापुरात चौथीच्या वर्गाला शिकवते. अर्धी जीभ गेल्यावर पोरांपुढे काय हातवारे करणार होते? मरणाची भीती वाटत होतीच, पण मुकी होऊन जगायची त्याहून जास्त वाटत होती. सांगता येत होतं तोवर मी हे ज्याला त्याला तोंडावर सांगितलं.

दुसऱ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी वेगळी वाट दाखवली. आपल्या शरीरात अँटिबॉडी असतात, त्या एकेक शत्रू नेमका ओळखून त्यालाच चिकटतात. कॅन्सरच्या पेशींना चिकटणारी अशी अँटिबॉडी तयार करायची, तिला चमकणारा रंग जोडायचा आणि ऑपरेशनच्या आधी सलाइनमधून द्यायची. मग ऑपरेशन चालू असताना खास कॅमेऱ्यात गाठ उजळते आणि सुरी कुठं थांबवायची ते कळतं. एरवी बोटांनी चाचपून, अंदाजाने कापावं लागतं. पद्धत अजून चाचणीतली आहे, जीभ वाचेलच असं वचन देत नाही, हेही त्यांनी स्वच्छ सांगितलं. थोडक्यात काय, आधी खूण करायची, असं त्या म्हणाल्या आणि माझ्या शेजारी बसलेला धाकटा भाऊ उठून बाहेर गेला.

आमचं माहेर मेंढरांचं. बाजारात सौदा झाला की खाटीक मेंढराच्या पाठीवर रंगाचा पट्टा ओढतो. पट्टा ओढलेल्या जनावराला आमच्या घरात कुणी हाक मारत नाही. हाक मारली की ते ओळखीने मान वळवून बघतं आणि मग आपल्यालाच घास जात नाही, म्हणून लहानपणापासून आम्ही त्याच्याकडे पाठ करून उभे राहायचो.

बाहेर जिन्याशी भावाने माझा हात धरला.

"आक्का, रंग लावून घिऊ नगो. रंग लावल्यालं माघारी येत न्हाय."

मला रडू आलं आणि रागही आला. राग जास्त.

"रंग गाठीला लावनार हायत," मी म्हणाले, "मला न्हाय. खाटकाकडं ती जानार."

तो ऐकेना. मेव्हणे हयात नाहीत, घरातला पुरुष मी, आणि मी सही देणार नाही, असं त्याने आत जाऊन सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सही पेशंटचीच लागते. ती मी त्याच्यासमोर केली, फळ्यावर लिहिते तशी ठसठशीत. तो गावाकडची, मोडनिंबची एसटी धरून गेला तो ऑपरेशनच्या दिवशीही फिरकला नाही. मी जिवंत असताना त्याने माझ्याकडे पाठ केली, याची मला फार चीड आली. त्या चिडीवरच मी टेबलावर चढले.

नंतर डॉक्टरीणबाईंनी मला पडद्यावरचं चित्र दाखवलं. गाठ लख्ख उजळली होती. तिच्या मागे, खोलात, बोटांना न लागलेला आणखी एक ठिपका चमकत होता. तोही त्यांनी काढला. जिभेच्या पुढच्या भागाने मात्र रंग धरला नव्हता, तो पडद्यावर काळाच राहिला होता, म्हणून त्याला सुरी लावली नाही.

बोलायची परवानगी मिळाल्यावर मी आधी त्याला फोन लावला. माझा 'र' अजून वाकडा येत होता. येऊ दे. त्याने उचलला, पलीकडे मेंढरं ओरडत होती.

"रंग लावल्यालं माघारी आलंय," मी म्हणाले. "आता हाक मार की."

मग त्याने, माळाच्या त्या टोकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, मला आक्का म्हणून हाक मारली.