पातळ पत्रा

माझा थोरला भाऊ तांबट होता. चाळीस वर्षं ठोकाठोकीत त्याचे कान गेले, पण ते तो कबूल करत नसे. पत्र्याची जाडी तो टिचकी मारून आवाजावरून ओळखायचा. ऐकू येईनासं झाल्यावरही टिचकी मारून मान डोलवायचा. आम्ही बोललो नाही. बोलायला हवं होतं.

"जगाला तांबं, आणि माझ्या ओट्याला स्टील!" असा वहिनीचा जुना टोमणा होता. शेवटी त्याने दोन महिने खपून तिच्यासाठी तांब्याचं सिंक घडवलं. "लिंबाने घासू नकोस, धुऊन कोरडं पूस," असं दहादा बजावलं.

पहिल्याच दिवशी भरलेलं पातेलं ठेवताच तळ खचला. पत्रा पातळ निघाला होता.

"भावोजी, यांना कळू देऊ नका," वहिनी म्हणाली. त्या पोच्यावर ती कायम परात ठेवू लागली.

एकदा तो स्वतःच सिंक पुसायला गेला. परात उचलून त्याने तळावरून हात फिरवला.

"मला ऐकू येत नाही, हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

उत्तर त्याला ऐकू येणारच नव्हतं, तरी आम्ही गप्प राहिलो. त्यानंतर त्याने हातोडी धरली नाही.