आठव्या महिन्याला लागलेला बोल

डोहाळजेवणाच्या फोटोत माझा चेहरा टम्म फुगलेल्या पुरीसारखा दिसतो. त्या दिवशी सगळ्या म्हणाल्या, काय तेज आलंय! बांगड्या मनगटात रुतलेल्या, चप्पल पायात शिरत नव्हती, पण तेज ते तेज. पहिलटकरणीला काय कळतंय? मीही खूश होते.

आठवा लागला तसं डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. अंधेरीत आमच्या चाळीजवळच एक प्रसूतिगृह होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधून दोनदा प्रेशर मोजलं आणि मला घरी सोडलंच नाही. औषधं झाली, प्रेशर काही हटेना. मग नवऱ्याला आणि सासूबाईंना माझ्या कॉटजवळ बसवून त्या म्हणाल्या, "प्रेशर वाढलं की वारेला रक्त पुरत नाही. बाळाचं खाणं, श्वास, सगळं वारेतून. तीच वाळत चाललीय. बाळ पोटात उपाशी आहे. सिझर करूया."

नवरा मरोळला फिटर. मशीन अडलं तर रात्रभर जागेल, पण इथे त्याने हळूच विचारलं, "वार म्हणजे?" आणि उत्तरासाठी आईकडे बघितलं.

सासूबाई मालवणकडच्या. त्यांनी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. "सातव्यातला जगता, आठव्यातला नाय," त्या डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. "नववो लागांदे, मगे काय ता करा."

"नववा लागेपर्यंत बाळ थांबायचं नाही, आई."

"आता काढलात तर ता वाचूचा नाय."

मला राग आला. पोट माझं, आणि बोलणी माझ्या डोक्यावरून चाललेली. भीतीही वाटत होती. आठव्यातलं जगत नाही, हे मीही लहानपणापासून ऐकत आले होते. पण सकाळपासून पोटातली हालचाल मंदावली होती आणि ते फक्त मला कळत होतं. मी म्हटलं, "डॉक्टर, मला आत घ्या. आजच."

मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी, पण रडली खणखणीत. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. जगली ती; आता माझ्याशी कडाकडा भांडते.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या आणि माझ्या पायाशी बसल्या. चहा दिला, तो तसाच निवला.

"डॉक्टरणीन काल माका वार दाखवल्यान," त्या म्हणाल्या. "अर्धी पांढरी. कडक झालेली."

मी पाय जरा आत घेऊन त्यांना जागा केली.

"तुझ्या नवऱ्याच्या आधी दोन झाली माका. दोनय आठव्यात गेली." हे मला नवऱ्याने कधी सांगितलं नव्हतं. बहुधा त्यालाही ठाऊक नसावं. "पाय असेच सुजलेले. सुईणीन वार दाखवलेल्यान, ती पण अशीच पांढरी होती गो." त्यांनी माझ्या पावलावरून हात फिरवला. "आणि मी इतकी वर्सां म्हयन्याक बोल लावलंय."