सहाणेसकट जपानला

शिवणाच्या मशीनखाली चिंध्या कधी साठतात ते कळतच नाही. रोज केर काढला तरी महिन्याभराने मशीन हलवावं, तर खालून पिशवीभर निघतात. आणि गंमत म्हणजे कुठली चिंधी कुणाच्या पोलक्याची, ते बरोबर आठवतं. किश्श्यांचंही तसंच आहे. वसईजवळच्या उमेळ्याला आमच्या ओटीवर मी दुपारी शिवणक्लास घ्यायचे. क्लास कसला, थोडं शिवण आणि पुष्कळ चहा! त्या क्लासात सुमनच्या जपानच्या बॅगेवरून इतकं काही साठलंय की आज मशीन हलवतेच.

सुमन माझी शेजारीण. केळीची वाडी, थोडा पानमळा, घरात ती आणि तिचे यजमान, ज्यांना सगळे दादा म्हणायचे. एकुलती एक मुलगी लता. जावई जपानात कोबे नावाच्या गावी मोत्यांच्या एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात होते. ऐंशी सालानंतर एक-दोन वर्षांतली गोष्ट असेल. लताला दिवस गेले. तिला सासू नव्हती, आणि तिथल्या डॉक्टरांनी प्रवासाला नको म्हटलं. मुलीला माहेरी येता येईना, तेव्हा माहेरानेच तिकडे जायचं ठरलं. म्हणजे सुमनने. त्याआधी ती नाशिकच्या पुढे गेलेली नव्हती!

\*

गावात फोन एका डॉक्टरांकडे होता. लताचा फोन येणार म्हणून आम्ही सगळ्याच त्यांच्या व्हरांड्यात जाऊन बसलो. फोन लागला. लता तिकडून इतक्या मोठ्याने ओरडत होती की व्हरांड्यात ऐकू येत होतं.

"आई, काही आणू नकोस! इथे सगळं मिळतं!"

सुमन घरी आली. पायरीवर बसली आणि म्हणाली, "सगळं मिळतं, तर मला कशाला बोलावतेय गं? तिकडे हॉस्पिटल, नर्स, मशीन. मी जाऊन करू काय?"

मी म्हटलं, "आई म्हणून जायचं."

"नुसती पाहुणी म्हणून बसायला नाही जाणार मी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी क्लासला आली ती पदराखाली काहीतरी घेऊन. मशीनवर ठेवलं तेव्हा मशीन हललं. तिची सहाण! काळी, जड, पोळपाटाएवढी. लताची सगळी गुटी याच सहाणेवर उगाळलेली. मधोमध खोलगट झालेली.

"हे मिळतं का तिकडे?" सुमनने विचारलं. त्या दिवसापासून सहाण बॅगेत आधी, बाकी सगळं नंतर, असं ठरून गेलं.

\*

विमानात वीस किलो न्यायची परवानगी होती. आता वीस किलोंत काय बसवायचं, हे सांगायला आमच्यात एकच जाणकार. फिलूबायचा भाऊ रॉबी. फिलूबाय आमच्या क्लासात कॉलरी काढायला शिकत होती. रॉबी बोटीवर कुक होता आणि जपानच्या बंदराला जाऊन आलेला. तो सुट्टीवर आल्याबरोबर फिलूबाय त्याला धरूनच घेऊन आली.

आम्ही त्याला खुर्ची दिली. चहा दिला. सुमन अगदी पुढे सरकून बसली.

रॉबीने बराच विचार केला. "थंडी असते," तो म्हणाला. मग आणखी विचार केला. "आणि घरात शिरताना चपला दाराबाहेर काढतात."

"मग?"

"मग काय? मी बंदरावरनं पुढे गेलोच नाय ना!"

सुमनला मात्र एवढ्यानेच धीर आला. "चपला बाहेर काढतात, म्हणजे माणसं घरातली आहेत," ती म्हणाली.

\*

थंडी म्हणजे मोजे आले. दादांनी वसईच्या बाजारातून लोकरीचे मोजे आणले. सुमनने घातले, आणि तिची अंगठ्याची चप्पल काही पायात जाईना. बूट घालायला ती तयार नव्हती. "साडीवर बूट? लता दारातूनच परत पाठवेल मला!"

शेवटी मीच कात्री घेतली. मोज्याचा अंगठा वेगळा काढला, मधे शिवण घातली, आतून अस्तर लावलं. आता चप्पल मोज्यावर झकास बसायला लागली. पण दिसायला? फिलूबाय हसून हसून खाली बसली. "बाय गो, हे माणसाचे पाय की बकरीचे?"

मलाही वाईट वाटलं. एवढं नीट शिवलं, आणि परदेशात सुमनचं हसं व्हायचं. पण ती म्हणाली, "असू दे. चप्पल बसते ना!" आणि तीन जोड करून घेतले.

\*

सुमन जाणार हे नायगावच्या जनाबाईला कळलं. जनाबाई आमच्याकडे मासळी विकायला यायची. टोपली उतरवून ती ओटीवरच बसली.

"कुठं चाललीस बाय? जपानला? तिकडं मासली मिलते का?"

मी सांगितलं, "पुष्कळ. तिकडे तर म्हणे कच्चीच खातात."

जनाबाईचा हात टोपलीवरच थांबला. "कच्ची? का? पानी हाय, मीठ हाय, इस्तव नाय का त्यांच्याकडं?" मग मान हलवत तिने सुक्या बोंबलांचं एक मोठं पुडकं काढलं. "हे ने. पोरीला भाजून दे. आनि शेजाऱ्यांना पन दे बिचाऱ्यांना!"

सुमनच्या घरी मासे चालायचे, पण बोंबील बॅगेत? ते पुडकं आम्ही केळीच्या सुक्या सोपटांत गुंडाळलं, त्यावर प्लॅस्टिक, त्यावर दादांचं जुनं धोतर. तरी कोण आलं की आधी नाकाने हुंगायचं आणि मग विचारायचं, "सुमन, बॅग भरली वाटतं?"

\*

मग गावातून एकेक यायला लागलं. लता सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वाढलेली. कुणी सुकेळी दिली, कुणी पापड, कुणी बाळंतशेपा. फिलूबायने बाळाचं दुपटं शिवून दिलं, कडेला क्रोशाची वीण घालून. नाही कुणाला म्हणायचं? बॅग फुगली. वजन किती झालं ते घरात कसं कळणार? मग दादा बॅग हातगाडीवर घालून केळीच्या वखारीत घेऊन गेले. आम्ही मागोमाग.

तिथे काट्यावर बाबूभाऊ. सगळा जन्म केळीच्या करंड्या तोलण्यात गेलेला. त्याने बॅगेच्या कडीत आकडा अडकवला, काट्याकडे नजर टाकली आणि नेहमीच्या सुरात ओरडला, "वीस!"

सुमनने तिथल्या तिथे हात जोडले. एकही पापड काढावा लागला नाही! बाबूभाऊला तिने लाडू दिला. तो म्हणाला, "वहिनी, माल चांगला भरलाय. हलत नाही."

भरला होताच तसा. वाडीतल्या बाईने भरलेली बॅग ती! प्रत्येक वस्तूच्या मधे सोपटं घालून, करंडी भरावी तशी.

\*

निघायच्या दिवशी आम्ही सगळ्या भाजीच्या टेम्पोतून विमानतळावर गेलो. सुमन पुढे, ड्रायव्हरशेजारी. आम्ही मागे बॅगेला धरून.

त्या दिवसांत सोबतच्या माणसांनाही बरंच आतपर्यंत जाता यायचं. काउंटरवरच्या मुलीने बॅग काट्यावर ठेवली. "तेईस," ती म्हणाली. "तीन किलो निकालना पडेगा."

दादा म्हणाले, "तुमचा काटा बघा एकदा. आमच्या वखारीत वीस भरली होती."

मुलीने बघितलं. तेवीसच. दादांचा चेहरा लाल व्हायला लागला. तेवढ्यात फिलूबायने कपाळावर हात मारला.

"अरे देवा! बाबूभाऊने करंडी वजा केली गो!"

खरंच की! करंडीचं वजन सोडून आतला माल सांगायचा, हीच त्याची जन्माची सवय. बॅगेलाही त्याने करंडीच धरली होती!

\*

बॅग तिथेच जमिनीवर उघडली. सोपटं बाहेर आली, धोतर बाहेर आलं, आणि बोंबलांचा वास आल्याबरोबर आमच्या मागची रांग आपोआप दोन पावलं मागे सरकली.

दादांनी आधी सहाणेलाच हात घातला. "ही काढली की झालं. एका झटक्यात तीन किलो."

काउंटरवरची मुलगीही वाकून बघत होती. "ये क्या है, माँजी? पत्थर? जपान में पत्थर नहीं मिलता क्या?"

सुमनने सहाणेवरचा दादांचा हात बाजूला केला. तिला हिंदी फारसं यायचं नाही. "मिलता होगा," ती म्हणाली, "लेकिन घिसा हुआ नहीं मिलता."

मग तिने आपल्या साड्या काढल्या. एक ठेवली, बाकी सगळ्या माझ्या हातात दिल्या. बोंबील फिलूबायच्या हातात. मी म्हटलं, "अगं, सहा महिने नेसणार काय?"

"लताच्या नेसेन. लताकडे साड्या आहेत, सहाण नाही."

बॅग वीसला आली. सुमन आत गेली. तिने मागे वळून बघितलं तेव्हा तिचा चेहरा फार घाबरलेला होता. रात्री फिलूबायने ते बोंबील भाजले आणि आम्हाला बोलावलं. कुणाला फारसे गेले नाहीत.

\*

दीड-दोन महिन्यांनी लताच्या पत्रातून फोटो आला. मुलगी झाली होती. सुमन खुर्चीत, मांडीवर फिलूबायच्या दुपट्यात गुंडाळलेलं बाळ, पायांत माझे मोजे. शेजारी एक बुटकी म्हातारी, किमोनोतली, लताची शेजारीण. आम्ही बाळ बघत होतो. फिलूबाय भलतीकडेच बघत होती.

"बाई, हिचे पाय बघा!"

त्या म्हातारीच्या पायांत पांढरे मोजे. अंगठा वेगळा काढलेले! अगदी तसेच!

मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. तिकडे किमोनोवर पहिल्यापासून असेच मोजे घालतात, हे आम्हाला कुठे माहीत! फिलूबाय म्हणाली, "दोन महिन्यांत पॅटर्न पोचला पण तिकडे!"

\*

सहा महिन्यांनी सुमन परत आली. अंगावर लताची साडी, तब्येत चांगली. बॅग आम्हीच उघडली. खाऊ निघाला, बाळाचे फोटो निघाले, फिलूबायला कात्री, मला सुयांची सुंदर डबी. सगळी बॅग रिकामी झाली तरी मी तळाशी चाचपत होते.

"सहाण कुठाय गं?"

"राहिली तिकडे."

"लताकडे?"

"नाही. लताच्या डॉक्टरांनी तर पहिल्याच दिवशी सांगितलं, बाळाला दुधाशिवाय काही द्यायचं नाही. गुटी नाही, काही नाही. लता म्हणाली, आई, रागावू नकोस." सुमनने पदर सारखा केला. "मी नाही रागावले. सहाण खिडकीत ठेवली आणि बसले. रोज तिच्याकडे बघायचं. म्हटलं, आपण दोघी उगीच आलो."

मी तिच्यासमोर चहा ठेवला.

"मग एक दिवस माझंच डोकं दुखायला लागलं थंडीने. म्हटलं, निदान सुंठ तरी उगाळू. पाण्याचे चार थेंब घेतले आणि खिडकीशी बसून उगाळत होते. तेवढ्यात ती शेजारची आजी आली. दारातच उभी राहिली, सहाणेकडे बघत. मग काहीतरी बोलली, लगबगीने घरी गेली आणि कागद, ब्रश घेऊन आली. लता नंतर म्हणाली, तिकडे शाई अशीच दगडावर उगाळतात. तिला वाटलं, मी लिहायला बसलेय."

"मग?"

"मला कुठे माहीत तेव्हा? ती माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली. कागद बाजूला ठेवला. आणि दोन्ही हात जमिनीला टेकून माझ्यासमोर डोकं वाकवलं. चांगलं खालपर्यंत."

"मग? तू काय केलंस?"

"मला वाटलं, हिचंही दुखतंय. मी लेप लावला."

फिलूबायच्या हातातली कात्री खाली पडली. "जपानी बाईच्या कपाळाला? सुंठीचा?"

"हो. चांगला जाड लावला."

"आणि ती?"

"डोळे मिटून बसली होती. वाळेपर्यंत बसली, मग पुन्हा वाकली आणि गेली. मला लता इतकी ओरडली! मी रात्रभर घाबरलेली." सुमनने बॅगेतलं शेवटचं सोपट उचलून त्याची नीट घडी केली. "दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. उघडते तर आजी. ब्रश नाही, कागद नाही. आणि मागे खालच्या मजल्यावरच्या दोघी, कपाळं पुढे करून. निघताना सहाण आजीच्याच हातात दिली."