पलंगाखालचे शब्द

इस्त्रीवालीला कुणी विचारलं, पोरांना स्पॅनिश कशी शिकवतेस, तर ती म्हणे, "शिकवत नाही बाई, बोलते." दिवसभर इस्पितळाच्या चादरी वाफेखाली दाबायच्या आणि घरी आलं की उंबऱ्यातच भाषा बदलायची. पुस्तक नाही, पाठांतर नाही. हातावर पाणी पडेल तेव्हा 'आग्वा', हातात पाव येईल तेव्हा 'पान'. जे घडेल त्याचा शब्द. कारण साधं होतं. तिच्या आईला दुसरी भाषाच येत नव्हती, आणि नातवंडांनी आजीशी आपल्या तोंडानं बोलावं हा तिचा हट्ट होता.

नवरा गॅरेजवाला, त्याला स्पॅनिश येत नसे. चारचौघांत गरीब गाय, घरात हात उगारणारा. "माझ्याच घरात माझ्यामागे कसली खलबतं चालवता?" म्हणत एका संध्याकाळी त्यानं तिचे केस धरून डोकं ओट्यावर आपटलं. दात ओठात घुसला. पडता पडता ती ओरडली, "अबाहो!" खाली! पाच वर्षांची थोरली तीन वर्षांच्या धाकट्याला ओढत पलंगाखाली शिरली. मग लाथा बसल्या, मग खांद्यावर पाना. ती फक्त म्हणत राहिली, "सिलेन्सिओ." आवाज करू नका. आवाज झाला की तो पलंगाकडे वळे. एकदा वळला होता, तेव्हा धाकट्याचा हात निखळला होता.

'चमचा' शिकायला पोरांना आठवडा लागला होता. हे शब्द एकदाच सांगावे लागले.

आईला मात्र तिनं कशाचा पत्ता लागू दिला नव्हता. ओठ सुजून फोनवर बोलणं बोबडं झालं तेव्हा म्हणाली, दाढ काढलीय. लेक सुखात आहे या समजावर म्हातारी जगत होती, तो समज तिला मोडायचा नव्हता.

रविवारी दुपारी थोरली पहिल्यांदा एकटी आजीशी फोनवर बोलली. गॅरेजवाला शेजारीच जेवत होता. आजीनं कौतुकानं विचारलं, काय काय येतं गं तुला? पोरगी सांगू लागली. आग्वा. पान. अबाहो, ते बाबा मारतात तेव्हा. सिलेन्सिओ, ते बाबा शोधतात तेव्हा. सांग्रे, ते आईच्या तोंडातून येतं, लाल असतं.

इस्त्रीवालीची पाचावर धारण बसली. फोन हिसकावला तर नवऱ्याला संशय येणार. त्याला एक अक्षर कळलं नव्हतं. तो घास चावत हसला. "पोपट झालीय नुसती! काय सांगतेय एवढं?"

"काय जेवली ते."

तिनं फोन घेतला. म्हातारी रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "तो घरातून कधी जातो?" नवऱ्याकडे हसून बघत इस्त्रीवालीनं आईला पहिल्यांदा खरं उत्तर दिलं. "सकाळी आठला."

सोमवारी साडेआठला विसरलेला डबा न्यायला तो परत आला आणि दारात पिशव्या दिसल्या. त्यानं तिचा गळा धरला. डोळ्यांपुढे अंधारी येत असताना तिच्या हाताला घरची इस्त्री लागली. थंडच होती, पण जड. ती त्याच्या कानशिलावर बसली तशी हाड मोडल्याचा आवाज झाला. तो विव्हळत खाली बसला. तिनं पुन्हा हाणली, आणि तिला बरं वाटलं. मग पोरांना पलंगाखालून ओढून काढलं आणि जिना उतरली.

आजीच्या घरी चौथ्या दिवशी दूधवाल्यानं दार जोरात ठोठावलं आणि दोन्ही पोरं दिसेनाशी झाली. इस्त्रीवाली पलंगापाशी वाकली, पण 'वर या'साठी तिनं त्यांना शब्दच दिला नव्हता. मार संपल्यावर ती तिथंच पडून असायची, पोरं खालीच झोपून जायची.

म्हातारीनं दुखरे गुडघे टेकले. "आर्रीबा," म्हणत हात आत घातला. धाकटा तिला कडकडून चावला. मग ही आजी आहे हे ओळखून तो आणखीच घाबरला, आणि तिची बाही धरून ओढू लागला.

"अबाहो, आजी," तो कुजबुजला. "सिलेन्सिओ."

आणि भिंतीकडे सरकून त्यानं तिला जागा करून दिली.