ओवाळणीत न दिलेली नोकरी

दीपा खोब्रागडे कागद हातात घेत नाही. रविवारी दुपारी जबलपूरजवळच्या खमरियातल्या तिच्या क्वार्टरमध्ये जो कोणी आपल्या सिनेमाची लॉगलाइन घेऊन येतो, त्याला स्वयंपाकघराच्या दारात उभं राहावं लागतं. अख्खी गोष्ट एका वाक्यात सांगायची, ती लॉगलाइन. दीपा गॅसवर चहा ठेवते आणि म्हणते, बोल. चहा वर यायच्या आत वाक्य संपलं पाहिजे. मग ती गॅस बारीक करते आणि ऐकलेली गोष्ट आपल्या शब्दांत परत सांगते. तिला आठवलं तेवढंच तुमच्या वाक्यात होतं, बाकीचं तुमच्या डोक्यातच राहिलं, असं तिचं म्हणणं.

हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. कॉलनीतल्या काही जणांनी पटकथेचा ऑनलाइन क्लास लावला होता. दीपा एकटी राहते, घर मोकळं असतं, म्हणून ते तिच्याकडे जमत. ती चहा करता करता ऐकायची. एकदा तिने आतूनच विचारलं की गोष्टीतल्या त्या माणसाला पाहिजे तरी काय, आणि कोणालाच सांगता आलं नाही. तेव्हापासून लोक तिच्यासाठी येऊ लागले. ती चुकायचीही. एक भुताची गोष्ट तिने बिनकामाची ठरवली आणि ती पुढे भोपाळच्या कोणीतरी विकत घेतली. दीपाने मत बदललं नाही. घेऊ दे, म्हणाली, भूत तं तरीही फुकटच फिरून राहिलं त्याच्यात.

इथल्या लॉगलाइनमध्ये एक खोट हमखास असते. ज्यांचे बाप दारूगोळ्याच्या फॅक्टरीत होते, त्यांच्या घरी बाप काय बनवतो हे विचारायचं नसे. 'कामावर जातो', बस. ती मुलं मोठी झाली, बाप निवृत्त झाले, पण वस्तूचं नाव घ्यायला जीभ अजून बिचकते. एक माणूस, एक शहर, एक गुपित, असं लिहितात. दीपा त्यांना सांगते की गेटवरची झडती संपली, आता तरी बोला.

स्वप्निल बोरकर हा त्यांतलाच. बाप फॅक्टरीतून निवृत्त, तो स्वतः रिछाईच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे. एका रविवारी तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "बाप मेल्यावर सगळे म्हणतात त्याची स्कूटर भावाला दे, पण बहीण देत नाही, आणि भाऊ तिच्याशी कायमचा बोलणं सोडतो."

दीपाने गॅस बारीक केला. गोष्ट परत सांगितली नाही.

"स्कूटर काहून?" तिने विचारलं.

स्वप्निल खाली बघू लागला.

"स्कूटरसाठी कोणी एवढं भांडते का बे? नोकरी होती ते. अन् माझी होती. नोकरी लिही."

गोष्ट कॉलनीत सगळ्यांना ठाऊक होती, तिच्यासमोर कोणी काढत नसे, एवढंच. दीपाचे वडील मोतीराम फॅक्टरीत नोकरीत असतानाच काविळीने गेले. अनुकंपेवर घरातल्या एकाला नोकरी लागणार होती आणि आईने एक नाव द्यायचं होतं. नागपूरहून काका-मामा आले आणि बसल्या बैठकीत धाकट्या ललितचं नाव ठरवून गेले. दीपा पदवीधर होती, ललित बारावीत अडकलेला. पण मुलगी उद्या लग्न करून जाईल, मग नोकरी कोणाच्या घरी जाईल, हा त्यांचा हिशोब. दुसऱ्या दिवशी दीपा आईला घेऊन कचेरीत गेली आणि आईने तिचं नाव दिलं. आई रडत होती. दीपाने तिचं रडू थांबू दिलं, मग पेन पुढे केलं. पुढे तिने घर चालवलं, घर सोडून गेलेल्या ललितच्या शिक्षणाला पैसे पाठवले. त्याने ते घेतले. आईच्या शेवटाला आला, बहिणीशी न बोलताच परत गेला.

स्वप्निलने नोकरी लिहिली. महिनाभरात मुंबईच्या एका कंपनीसाठी कथा निवडायला श्रीरंग नावाचे गृहस्थ जबलपूरला आले. एका हॉटेलच्या हॉलमध्ये त्यांनी पुष्कळ लॉगलाइन ऐकल्या आणि स्वप्निलला थांबवून घेतलं. गोष्ट पक्की आहे, म्हणाले, शेवट तेवढा कोरडा आहे. रक्षाबंधनाला बहीण भावाला राखी बांधते आणि नोकरी त्याच्या ओंजळीत टाकते, असं करा. उद्या दुपारी नव्याने ऐकवा, मग मुंबईचं नक्की.

तो संध्याकाळी थेट दीपाकडे आला. रविवार नव्हता, तरी तिने चहा ठेवला. बोल, म्हणाली. स्वप्निलने नवं वाक्य म्हटलं. चांगलं बसलं होतं, चहा वर यायच्या कितीतरी आधी संपलं.

दीपा परत सांगू लागली. "बाप मेला. सगळ्यांनी नोकरी भावासाठी मागितली. पोरीने नाही म्हटलं."

"आगे?"

"पुढचं मले आठवत नाही."

"दीदी, आत्ताच तं म्हटलं मी."

"झालंच नाही, तं आठवन कसं?"

स्वप्निलने तिला समजावलं की हा सिनेमा आहे, लोकांना रडायला लागतं. दीपा म्हणाली की ओवाळणी भाऊ टाकतो, इथे तं बहीणच टाकून राहिली. आणि तिच्या घरी राखी कधी बांधलीच नव्हती. तो हसला नाही.

"तुमची नोकरी लागली आहे, दीदी. म्हणून तुम्हाला सोपं आहे. मी ठेकेदाराकडेच मरू का?"

हे खरं होतं, आणि दीपाला ते लागलं. चहा उतू गेला. गॅस विझला, वास सुटला, मग तिने बटण बंद केलं.

"बदल," ती म्हणाली. "तुझं वाक्य आहे, विक. मी आड येत नाही. पण मग स्कूटर परत टाक. स्कूटर ओवाळणीत देता येते. माझी नोकरी काढ त्याच्यातून. मी ते कोणाला दिली नाही, तुझ्या सिनेमातही देणार नाही."

स्वप्निल चहा न घेता गेला. दीपाने ओटा पुसला.

रविवारी बाकीचे आले, तो उशिरा आला आणि दारातच उभा राहिला.  त्याने सांगितलं की इथून गेल्यावर त्याच रात्री त्याने स्कूटर घालून पाहिली, पण गोष्ट उभी राहीना. म्हणून हॉलमध्ये जुनंच वाक्य म्हटलं, नोकरीचं, न दिलेल्या नोकरीचं. श्रीरंग वैतागले. भाऊ बोलत नाही हे कळलं, मग शेवटी ती बाई करते काय, असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं.

"मग तू काय म्हटलं?" दीपाने विचारलं.

"म्हटलं, दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाते. पूरा हॉल हसला. मग त्यांनी पुढच्याचं नाव पुकारलं."

दीपा हसली नाही. चहा वर येत होता, तिने या वेळी वेळेवर गॅस बारीक केला.

"वाक्यात घाल ते," ती म्हणाली. "अन् पुन्हा म्हण."

सोमवारी सकाळी ती नेहमीच्या वेळी घराला कुलूप लावून निघाली. स्वप्निल कोपऱ्यावर रिछाईला जायला उभा होता. तिने त्याच्याकडे पाहून मान हलवली आणि चालत राहिली, वडिलांच्या नव्हे, आपल्या ऑफिसकडे.