सेफ्टी ऑफिसर झोपलेला आहे

“हे माझं पोट आहे का?”

मोहिते साहेब जमिनीकडे बघत होते. मीही बघत होतो. थाप मारायला वाव नव्हता, कारण साहेबांचं खरं पोट चित्रातल्या पोटाच्या बरोबर वर होतं आणि दोन्हींचा उतार सारखाच होता.

“नाही साहेब, हा पादचारी आहे.”

“पादचाऱ्याच्या खिशाला दोन पेनं कशाला?”

आमच्या गोडाऊनमध्ये खिशाला दोन पेनं लावणारा माणूस एकच, तो म्हणजे आमचे मॅनेजर मोहिते साहेब. 

मी भिवंडीजवळ राहनाळच्या एका गोडाऊनमध्ये सेफ्टी ऑफिसर आहे. एकवीस वर्षं याच धंद्यात. घर कोन गावाला. आमच्या कामाचं वैशिष्ट्य असं, की अपघात झाला नाही तर लोक विचारतात, हा माणूस करतो काय? आणि झाला तर विचारतात, हा माणूस करत काय होता?

तेव्हा माझी डोकेदुखी होती रॅक नंबर सातचा कोपरा. रॅक म्हणजे छतापर्यंत गेलेल्या लोखंडी मांडण्या. त्यांच्या आडून माल उचलणारी फोर्कलिफ्ट गाडी येते तेव्हा ती चालणाऱ्याला दिसत नाही, आणि चालणारा तिला दिसत नाही. बॅटरीवरची असल्यामुळे आवाजही नाही. अशा जागेला आम्ही ब्लाइंड कॉर्नर म्हणतो. तिथून सरळ गेलं की पाण्याचा कूलर आठ पावलांवर. हिरव्या पट्ट्यातून, म्हणजे चालायच्या ठरलेल्या वाटेने गेलं, तर तीस पावलं. आता तीस पावलं कोण चालणार? मी तिथे मराठीत पाटी लावली, हिंदीत लावली, आरसा लावला. आरसा दोनदा मालाच्या धक्क्याने फुटला. रोज सकाळी पाच मिनिटं सगळ्यांना उभं करून समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. मान डोलवायचे आणि त्याच कोपऱ्यातून पाणी प्यायला जायचे.

त्यात ज्या कंपनीचा माल आम्ही ठेवतो, तिचं ऑडिट आलं. साहेब म्हणाले, जमिनीवरचे सगळे पट्टे नव्याने रंगवा. पट्टे रंगवले. हिरव्या वाटेवर चालणाऱ्या माणसाचं चित्र लागतं, त्याचा पत्र्याचा साचा मात्र सापडेना. शोधता शोधता तो पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवलेला मिळाला, वाकडा झालेला. रविवार होता, गोडाऊन बंद. मी ब्रश घेतला आणि हातानेच काढायला बसलो.

आता एक गोष्ट सांगतो. सातवीत मी चित्रकलेच्या तासाला मडकं काढलं होतं आणि त्याला मिशा काढल्या होत्या. मास्तरांनी पट्टीने हात लाल केला. त्यानंतर अडतीस वर्षं मी फक्त बाण काढले. बाहेर जाण्याचा बाण, आग लागल्यावर पळायचा बाण, वरची बाजू वर ठेवा असा बाण. त्या रविवारी पहिल्यांदा माणूस काढला. डोकं जमलं, पाय जमले, पोटाला थोडा रंग जास्त सांडला. सांडलाच आहे म्हणून शर्ट केला. शर्ट आहे म्हणून खिसा केला, आणि मग पेनं आपोआप आली. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. पण खरं सांगतो, एकावन्नाव्या वर्षी रिकाम्या गोडाऊनमध्ये ओणवा होऊन मी एकटाच हसत होतो. इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती.

सोमवारी साहेब म्हणाले, “पुसा.”

“इपॉक्सीचा पक्का रंग आहे साहेब, पुसला जात नाही. घासायचं मशीन बुधवारी येईल.”

“ऑडिट पुढच्या गुरुवारी आहे, पाटील. लक्षात ठेवा.”

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीनंतर मी रॅक सातजवळच उभा होतो. सुगंधाबाई खोका घेऊन हिरव्या वाटेने येत होत्या. या वळ गावच्या, पॅकिंगमधल्या सगळ्यात जुन्या. चित्रापाशी आल्या, थबकल्या आणि त्याला वळसा घालून डाव्या अंगाला उतरल्या. डावीकडे तोच कोपरा. इम्तियाजभाई फोर्कलिफ्ट रिव्हर्स घेत होते. मी ओरडलो, त्यांनी ब्रेक मारला. गाडी सुगंधाबाईंपासून हातभर अंतरावर थांबली. खोका पडला, बाई मटकन खाली बसल्या. इम्तियाजभाई भिवंडीतले जुने गडी, वीस वर्षांचा हात, पण किल्ली काढून खाली उतरले. 

पाणी पाजल्यावर मी विचारलं, “बाई, लाइन सोडून का गेलात?”

“मंग काय साहेबावं पाय दिऊ? पाप लागंल न्हाय का?”

नंतर अर्धा तास मी तिथेच उभा राहून बघितलं. कोणीही त्या पोटावर पाय देत नव्हतं. हमाल, पॅकर, चहा घेऊन येणारा, सगळे बाजूने जात होते. ती बाजू म्हणजे थेट फोर्कलिफ्टचा रस्ता. माझ्या हौसेने एका बाईचा जीव जाणार होता. 

अपघात व्हायचा होता पण टळला, याला आमच्यात नियर मिस म्हणतात आणि त्याचा रिपोर्ट लिहावा लागतो. ‘कारण’ या रकान्यात मी लिहिलं, सेफ्टी ऑफिसरने काढलेले चित्र. साहेबांनी वाचलं.

“असा अजून एक कागद आला ना पाटील, तर कोनला घरी बसून चित्रं काढा. मला तुमची नोकरी वाचवता येणार नाही.”

बुधवारी चित्र घासून काढलं. गुरुवारी सगळे पुन्हा मजेत कोपऱ्यातून पाण्याला जाऊ लागले. मी डोकं धरून बसलो. मग हळूहळू उजेड पडला. एकवीस वर्षं पाट्या लावून जी माणसं एक पाऊल वळली नाहीत, ती एका चित्राने वळली होती. फक्त चुकीच्या बाजूला. चित्र जिथे चालू नये तिथे हवं होतं. पण उभं चित्र चालणार नाही, घाईत असला की माणूस त्यावरून टांग टाकून जाईल. लहानपणी धाकटा भाऊ झोपलेला असताना मी त्याला ओलांडलं, तर आई मला परत उलटं ओलांडायला लावायची. नाहीतर म्हणे त्याची उंची वाढत नाही. झोपलेल्या माणसाला आपल्याकडे कोणी ओलांडत नाही.

साहेबांना विचारलं असतं तर ते नाहीच म्हणाले असते. म्हणून विचारलं नाही.

रविवारी पुन्हा गेलो. कोपऱ्यात या रॅकपासून त्या रॅकपर्यंत आडवा माणूस काढला. कोणाचा चेहरा द्यायचा? दुसऱ्या कोणाचा दिला तर नोकरी जाते, हे कळलं होतं. स्वतःचा दिला. माझं टक्कल, माझ्या मिशा, अंगात सेफ्टीचं नारिंगी जाकीट, हेल्मेट उशाला. एका पायात बूट, दुसऱ्या पायात मोजा, आणि मोज्याच्या भोकातून बाहेर आलेला अंगठा. त्या अंगठ्यावर मी पाऊण तास घालवला. नखसुद्धा काढलं. बायकोचा फोन आला, जेवायला कधी येताय? म्हटलं, अंगठा वाळू दे.

सोमवारी सगळं गोडाऊन बघायला जमलं. “सेफ्टीवाले साब सो गये,” म्हणून हमालांनी फोटो काढले. हसून झालं आणि सगळे तीस पावलं चालत पाण्याला गेले. दुपारीही तेच, संध्याकाळीही तेच. सुगंधाबाई मला म्हणाल्या, “बरा काढलाव. घोरता पण आसाल.”

फोर्कलिफ्टला मात्र तिथून जावंच लागतं. इम्तियाजभाई कोपऱ्यावर गाडी अगदी हळू करायचे आणि हॉर्न द्यायचे.

“पाटील, तुमच्या तोंडावरून गाडी न्यायला जीव होत नाय. हॉर्न देतो, वाटतं उठाल.”

म्हणजे जी दोन कामं मी एकवीस वर्षं सांगत होतो, हळू जा आणि हॉर्न द्या, तीही झाली.

साहेब दोन दिवस वळ गावच्या दुसऱ्या गोडाऊनवर होते. बुधवारी आले, बघितलं, लाल झाले. “ऑडिटला सेफ्टी ऑफिसर झोपलेला दाखवायचा? उद्या सकाळी झाकायचं. ताडपत्री टाका.”

गुरुवारी सकाळी मी स्वतःवर ताडपत्री टाकली. ऑडिटर मॅडम आल्या, सोबत साहेब, मागे मी. रॅक सहा झालं, सातपाशी आलो. ताडपत्री नव्हती. घडी करून बाजूला ठेवलेली, शेजारी सुगंधाबाई.

“कोणी काढली?” साहेबांनी दातओठ खात विचारलं.

“मी,” बाई म्हणाल्या. “जित्या मानसाच्या तोंडावं कापड टाकत्यात का? आभद्र दिसतं.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात माझा राजीनामा होता. मॅडम चित्राकडे बघत होत्या.

“हे कुठल्या स्टँडर्डमध्ये बसतं, मिस्टर पाटील?”

“कुठल्याच नाही, मॅडम.”

“मग कसं चालेल? फ्लोअर मार्किंगला ठरलेली चिन्हं असतात, ठरलेले रंग असतात…” असं बोलत बोलत मॅडम पुढे निघाल्या. त्यांना कूलरशेजारचं अग्निशामक बघायचं होतं, ते समोर आठ पावलांवर होतं. मॅडम चित्रातल्या माझ्या पायांपाशी आल्या, बोलणं चालूच, आणि हिरव्या वाटेने वळल्या. तीस पावलं चालल्या. त्यांच्यामागे साहेबही तीस पावलं चालले. तेवढ्यात इम्तियाजभाई हॉर्न देत कोपऱ्यातून हळू बाहेर आले.

पलीकडे पोचल्यावर मॅडम थांबल्या. मागे वळून चित्राकडे बघितलं, मग स्वतःच्या बुटांकडे.  वहीत काहीतरी लिहिलं.

आठवड्याने रिपोर्ट आला. ऑडिटमध्ये जी चूक निघते तिला एनसी म्हणतात. रॅक सातच्या नावावर एक छोटी एनसी होती: ‘जमिनीवर झोपलेल्या व्यक्तीने एका पायात सेफ्टी शू घातलेला नाही. दुरुस्ती करून फोटो पाठवावा.’

मी बूट रंगवला, फोटो पाठवला. अंगठा गेला, त्याचं वाईट वाटलं. नोकरी राहिली.

परवा साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. आधी दार लावून घेतलं.

“वरच्या मजल्याच्या जिन्याखाली लोक घुसतात. तिथं कोणाला झोपवायचं?”

“तुम्ही चालाल का, साहेब?”

 साहेबांनी दोन्ही पेनं खिशातून काढून टेबलावर ठेवली.

“पोट जरा आत घ्या,” म्हणाले.

एकवीस वर्षांत शिकलो ते एवढंच. पाटी लोक वाचत नाहीत, माणूस ओलांडत नाहीत. आणि मडक्याला मिशा काढणाऱ्या पोराला मारू नये, पुढे तो कामाला येतो.